चिरंजीव, हापूस आणि कांदा

परदेशी गेलेल्या मुलांच्या आईबापांची एक निराळीच पोटजात अलीकडे आपल्या समाजात निर्माण झाली आहे, असे मला पुष्कळ वेळा वाटते. सकाळी फिरावयास निघालेल्या मंडळींत ही पोटजात चटकन ओळखू येते. दोन देशांच्या घड्याळांचा हिशेब तिला तोंडपाठ असतो. डॉलरचा आजचा भाव तिला पंचांगातल्या तिथीपेक्षा अधिक नेमका ठाऊक असतो. आणि ‘काय, चिरंजीव केव्हा येणार?’ या प्रश्नाला तिचे उत्तर सदैव एकच असते, ‘पाहू या, व्हिसाचे काम झाले की!’ गेली वीस-बावीस वर्षे मीही या पोटजातीचा एक सभासद आहे.

माझा व्यवसाय अर्थशास्त्र शिकविण्याचा. चौतीस वर्षे मी आयात, निर्यात, जकात, विनिमयाचा दर हे शब्द फळ्यावर लिहिले व पुसले. परंतु खरे सांगावयाचे तर त्या शब्दांचा अर्थ मला वर्गात कळला नाही. तो कळला घरात. आणि तोही एक मुलगा, एक आंब्याची पेटी व एक कांद्याची गोणी यांच्यामुळे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने अशी कबुली देणे शोभत नाही, हे मी जाणतो. पण निवृत्तीनंतर माणसाला शोभेची पर्वा थोडी कमी करता येते.

चिरंजीव अमेरिकेस शिकावयास गेले ते २००३ च्या ऑगस्टात. पुढच्या मे महिन्यात आमच्या आळीतील एक गृहस्थ आपल्या मुलीकडे तिकडेच जावयास निघाले. रत्नागिरीजवळ आमची वडिलार्जित कलमांची लहानशी बाग आहे. तिथून नुकत्याच पेट्या आल्या होत्या. सौ.ने अढीतले निवडक दोन डझन हापूस कागदात गुंडाळून त्या गृहस्थांपुढे ठेवले. ते बिचारे ओशाळून म्हणाले, “वहिनी, मी नेईन हो, पण तिथे विमानतळावर ते माझ्यादेखत काढून घेतील आणि कचऱ्यात टाकतील. आपल्या आंब्याला तिकडे बंदी आहे.” सौ. क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे एवढा वाढवलेला मुलगा त्यांना चालतो, आणि त्याच्या घरचा आंबा मात्र चालत नाही!”

मी हसलो खरा. पण त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. चौतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

आंब्याला अमेरिकेची बंदी होती ती सुमारे अठरा वर्षे. कारण सांगितले जाई ते किडीचे. आंब्याच्या कोयीत दडून राहणारा एक किडा आहे, तो तिकडच्या बागांत शिरला तर अनर्थ होईल, अशी तेथील शेतकऱ्यांची भीती. ही भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. आपल्या बागेत परक्याची कीड यावी असे कोणत्या बागाईतदाराला वाटेल? परंतु किडीवर उपाय सापडला म्हणजे दरवाजा आपोआप उघडतो असे मात्र नाही. तो उघडण्यास दोन राष्ट्रांचे प्रमुख एकत्र बसावे लागतात. मार्च २००६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश दिल्लीस आले, तेव्हा अणुशक्तीच्या कराराबरोबर आंब्याचीही बोलणी झाली. एप्रिल २००७ मध्ये हापूसच्या पहिल्या पेट्या अमेरिकेत उतरल्या, आणि त्याच सुमारास अमेरिकेच्या भारी मोटारसायकलींना आपल्या देशाचा दरवाजा किलकिला करून देण्यात आला. आंबा घ्या, मोटारसायकल द्या, अशी ही सोयरीक जुळली.

या सोयरिकीतील एक तपशील मला विशेष वाटतो. आंब्यातील कीड निकामी करण्यासाठी त्यावर किरणांचा मारा करावा लागतो. त्याचे केंद्र अमेरिकेच्या शेतकी खात्याने प्रथम मान्य केले ते नाशिक जिल्ह्यातील लासलगावचे. हे केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारले होते, आणि मूळ हेतू असा की, साठवणीतील कांद्याला कोंब फुटू नयेत. म्हणजे कोकणातला आंबा घाट चढून कांद्याच्या गावी जाई, कांद्यासाठी उभारलेल्या यंत्रातून निघे, आणि मग सातासमुद्रापलीकडे रवाना होई. ज्या कांद्यासाठी ते यंत्र बांधले, त्याच्या नशिबी पुढे काय आले, ते मी शेवटी सांगणारच आहे.

दरवाजा उघडला तरी उंबरठा राहतोच. अमेरिकेचा निरीक्षक येथे येऊन पेट्या तपासतो, आणि त्याचा खर्च निर्यातदारांवर पडतो. २०२० व २०२१ साली रोगाच्या साथीमुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत, तर आंबाही जाऊ शकला नाही. मे २०२५ मध्ये पंधरा खेपा तेथील विमानतळांवर अडविल्या गेल्या. दोष आंब्यात नव्हता. प्रक्रियेच्या कागदपत्रांत होता. परत आणण्याच्या खर्चापेक्षा माल तिथेच नष्ट करणे परवडले. युरोपनेही २०१४ च्या मे महिन्यापासून आपला आंबा व चार भाज्या बंद केल्या होत्या. फळमाशीचे कारण होते, आणि आंब्यापुरती ती बंदी पुढच्या वर्षाच्या आरंभी उठली. पण मेमध्ये पिकलेला आंबा काही जानेवारीपर्यंत थांबत नाही.

आता माणसाच्या दरवाजाकडे वळू. आपल्याकडे अशी एक समजूत आहे की, अमेरिका म्हणजे कोणीही यावे व भाग्य काढावे असा देश. वस्तुतः १९१७ च्या कायद्याने आपला देश त्यांच्या वर्जित प्रदेशात गणला गेला होता. १९४६ मध्ये वर्षाला शंभर हिंदी माणसांना प्रवेश देण्याचे औदार्य दाखविण्यात आले. खरा दरवाजा उघडला तो १९६५ च्या कायद्याने. आणि त्यातून प्रथम आपले डॉक्टर व इंजिनियर गेले, म्हणजे ज्यांच्या शिक्षणाचा खर्च आपल्या गरीब सरकारने केला होता तेच गेले. पुढे १९९० च्या कायद्याने कुशल नोकरदारांसाठी तात्पुरत्या परवान्यांची निराळी सोय झाली. वर्षाला ६५,००० परवाने, आणि नंतर तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,०००. परवाने कमी व अर्जदार फार, म्हणून चक्क सोडत काढण्यात येऊ लागली. आमच्या चिरंजीवांचे नाव त्या सोडतीत निघाले, तेव्हा आम्ही सत्यनारायण केला.

परंतु तात्पुरता परवाना निराळा आणि कायमचा निराळा. नोकरीच्या आधारावर कायम वास्तव्याचे परवाने वर्षाला सुमारे १,४०,००० मिळतात, आणि त्यांत कोणत्याही एका देशाचा वाटा सर्वसाधारणपणे शेकडा सातापेक्षा अधिक नसावा असा दंडक आहे. दीडशे कोटींच्या घरात गेलेला आपला देश आणि चार-पाच लाख वस्तीचा एखादा देश यांना एकच माप! त्यामुळे आपल्या मुलांची रांग लांबत लांबत इतकी लांबली आहे की, तिच्या शेवटी उभे असलेल्यांना आपल्या हयातीत खिडकीचे दर्शन होईलच असा भरवसा नाही.

या रांगेचा खरा अर्थ मला २०१६ च्या पावसाळ्यात समजला. माझी आई त्या वर्षी गेली. नातवावर तिचा फार जीव. शेवटच्या आठवड्यात ती रोज विचारी, “निघाला का रे?” आणि मी सांगे, “निघाला, आई.” तो निघाला नव्हता. त्याचा जुना शिक्का संपला होता. इकडे आला असता तर नवा शिक्का उमटल्यावाचून परत जाता आले नसते, आणि तो आठवड्यात मिळेल की चार महिन्यांत हे कोणीच सांगेना. तिकडे सूनबाईंचे दिवस भरत आलेले, घरात दुसरे माणूस नाही. तेराव्या दिवशी संगणकाच्या पडद्यावरून त्याने आजीच्या तसबिरीला नमस्कार केला. मी त्याला एका शब्दाने बोललो नाही. परंतु त्या दिवशी भेटावयास आलेल्या एका स्नेह्यापाशी माझा तोल सुटला. मी म्हणालो, “आमचा मुलगा म्हणजे काय यांच्या सोयीची वस्तू आहे? हवा तेव्हा घ्यायचा आणि हवे तेव्हा दार लावायचे?” हे माझे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे माझ्याच अंगावर यावयाचे आहे.

मालाचा दरवाजा आणि माणसाचा दरवाजा यांचा संबंध आपल्या थोर पुरुषांना फार पूर्वीच दिसला होता. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९३ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत हिंदी लोकांच्या परदेशगमनावर एक निबंध वाचला. मॉरिशस, नाताळ, वेस्ट इंडीज येथे मजुरीसाठी जाणाऱ्या आपल्या लोकांकडे पाहून नुसते उसासे न टाकता, दाट वस्तीच्या प्रांतांना मिळणारी ही एक मोकळीक आहे असे त्यांनी मांडले. पण त्याच निबंधसंग्रहात देशी कारखानदारीवरही त्यांचे निबंध आहेत, ही गोष्ट विसरता कामा नये. माणसे बाहेर जावोत, परंतु कारखाने घरात उभे राहोत, अशी त्यांची दुहेरी दृष्टी होती. त्यांचे शिष्य नामदार गोखले यांनी मार्च १९१२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात करारबद्ध मजुरीची पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. पण पाच वर्षांत ती मजूरभरती थांबवावी लागली. गुरू म्हणतात जाऊ द्या, शिष्य म्हणतात थांबवा, असा विरोध यात दिसतो. खरे पाहता विरोध नाही. माणसाने जावे की न जावे हा प्रश्नच नव्हे. तो कोणत्या अटींवर जातो आणि त्याला परत येता येते की नाही, हा प्रश्न आहे.

आणि त्याहूनही जुनी एक गोष्ट. इंग्लंडच्या पार्लमेंटने १७२१ साली छापील सुती कापड वापरण्यासच मनाई केली, कारण आपल्या विणकरांचे कापड तिकडील विणकरांना जड जात होते. त्यानंतर सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांनी याच देशाची माणसे करारावर अंगठा उठवून मॉरिशसची जहाजे चढू लागली. त्यांत आपल्या कोकणातलीही होती, आणि त्यांचे वंशज आज तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. या दोन घटनांमधील कारणे अनेक आहेत, एकातून दुसरी सरळ निघाली असे मी म्हणत नाही. परंतु क्रम विचार करावयास लावतो. ज्या देशाचा माल बाहेर जाऊ शकत नाही, त्याची माणसे बाहेर जातात.

‘पण पैसा येतो ना?’ असे कोणी म्हणेल. येतो, आणि पुष्कळ येतो. जागतिक बँकेच्या हिशेबाने २०२४ साली परदेशस्थ भारतीयांनी घरी धाडलेली रक्कम सुमारे १२९ अब्ज डॉलर होती; जगातील कोणत्याही देशाला एवढी रक्कम येत नाही. आमच्या घराचा वरचा मजला त्याच प्रवाहातील एका थेंबातून उभा आहे, तेव्हा मी त्याला नावे ठेवू लागलो तर तो कृतघ्नपणा होईल. शिवाय तिकडे गेलेल्यांनीच आपल्या सॉफ्टवेअरच्या धंद्याला तिकडची गिऱ्हाईके जोडून दिली, हेही खरे आहे. जगदीश भगवतींसारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात, परदेशी गेलेल्या सुशिक्षितांच्या प्राप्तीवर कर बसवून तो मायदेशास द्यावा अशी सूचना केली होती. ती कोठेच अमलात आली नाही, आणि पुढे त्यांनीही परदेशस्थांशी नाते राखण्याच्या मार्गावरच भर दिला.

तरीही मी मूळचा रत्नागिरीकडचा असल्यामुळे या पैशाकडे मी जरा निराळ्या डोळ्यांनी पाहतो. आमच्या जिल्ह्याला एके काळी मनिऑर्डरवर जगणारा जिल्हा म्हणत. घरटी एक पुरुष मुंबईच्या गिरणीत आणि घरटी एक म्हातारी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून. त्या पैशाने घरांवर कौले चढली, मुली उजवल्या गेल्या, सावकार तोंड चुकवू लागला. पण शंभर वर्षे मनिऑर्डरी येऊनही आमच्या गावात गिरणी आली नाही. आणि जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत संप सुरू झाला, तेव्हा तो सुरू करताना किंवा लांबवताना आमच्या गावाला कोणी विचारले नव्हते. पण चुली मात्र आमच्या गावच्या थंडावल्या. पाठविलेल्या पैशाचा हा गुण आणि हा दोष. तो घराला तारतो, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती असते.

१९ सप्टेंबर २०२५ च्या रात्री याची पुन्हा एकदा आठवण झाली. कुशल नोकरदारांच्या नव्या अर्जामागे एक लाख डॉलर भरावे लागतील, असे अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर केले. हे नव्या अर्जांपुरतेच आहे असा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला. पण त्या एका रात्री कितीतरी घरांत झोप नव्हती. चिरंजीवांचे एक मित्र आजारी वडिलांना भेटण्यास पुण्यास आले होते. ते मुक्कामाच्या तिसऱ्याच दिवशी मिळेल त्या विमानाने परत निघाले. वडिलांना दवाखान्यातून घरी आणावयाचे होते, ते शेजाऱ्यांनी आणले.

येथे मला आमच्या बागेच्या राखणदाराविषयी सांगितले पाहिजे. तो नेपाळचा. कोकणातील आंब्याच्या बागा आज पुष्कळ अंशी नेपाळी माणसांच्या हातांवर उभ्या आहेत. आमची मुले मुंबईस, पुण्यास, अमेरिकेस गेली, आणि त्यांच्या जागी हे लोक डोंगर उतरून आले. त्याचा एक मुलगा कतारला. नेपाळच्या एकंदर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका पैसा बाहेरगावच्या अशा माणसांकडून येतो. म्हणजे पाहा, माझा मुलगा न्यू जर्सीत, माझ्या मुलाच्या जागी हा आमच्या बागेत, आणि याच्या मुलाचा घाम कतारच्या वाळूत. प्रत्येक जण दुसऱ्याच्या घरातील रिकामी जागा भरतो आहे आणि आपल्या घरात एक रिकामी जागा मागे ठेवतो आहे.

परंतु एका बाबतीत हा राखणदार माझ्या मुलापेक्षा भाग्यवान ठरला. ऐन मोहोराच्या दिवसांत त्याचे वडील वारले. फोन आला त्या संध्याकाळी त्याने पिशवी भरली, आगगाडी धरली, सीमा ओलांडली, वडिलांचे सारे केले, आणि महिन्याभरात तो पुन्हा आमच्या कलमांखाली उभा होता. १९५० च्या तहामुळे त्याला ना व्हिसा लागतो, ना शिक्का. मी ही हकीकत ऐकली तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली, जी मला पुस्तकांत वाचूनही उमगली नव्हती. दार सताड उघडे असेल तर माणूस येतो आणि जातोही. ज्या दारातून आत शिरणे दुरापास्त, त्यातून बाहेर पडण्याचाही माणसाला धीर होत नाही. कारण पुन्हा आत घेतील याची शाश्वती कोणी द्यावी? धनिक राष्ट्रांना वाटते की कडक पहाऱ्याने लोक बाहेर राहतील. बाहेरचे राहतात, पण आतले आतच अडकून पडतात, आणि त्यांच्याबरोबर अडकते त्यांचे शहाणपण, जे परत आले असते तर आमच्या उपयोगी पडले असते.

इथवर मी दुसऱ्यांच्या दरवाजांविषयी लिहिले. ते सोपे असते. आता आमच्या स्वतःच्या दरवाजाविषयी.

डिसेंबर २०२३. माझे एक जुने सहकारी, वनस्पतिशास्त्राचे अध्यापक, निवृत्तीनंतर निफाड तालुक्यात आपल्या वडिलार्जित शेतीवर राहावयास गेले आहेत. ते एके दिवशी सकाळी आले आणि त्यांनी कांद्याची एक गोणी पडवीत ठेवली. नवा लाल कांदा. हा उन्हाळी कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, काढला की विकावा लागतो. त्यांच्यापुढे कांदेपोह्यांची बशी ठेवताना सौ. सहज बोलून गेली, “कांदा उतरला हो एकदाचा! दिवाळीत तर हात लावू देत नव्हता.” आणि मीही पुस्ती जोडली, “सरकारने निर्यात बंद केली ते बरेच झाले.”

आठ डिसेंबरला ती बंदी झाली होती. त्यापूर्वी ऑगस्टात शेकडा चाळीस कर, ऑक्टोबरात किमान निर्यातमूल्य टनामागे आठशे डॉलर, आणि शेवटी संपूर्ण बंदी.

सहकाऱ्यांनी बशी खाली ठेवली. ते रागावले नाहीत. त्यांचा तो स्वभाव नव्हे. ते म्हणाले, “वहिनी, पोहे उत्तम झालेत. पण यातला कांदा मी निम्म्या भावाने दिलेला आहे, एवढे लक्षात असू द्या.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमच्या मातोश्रींच्या दिवसांत मी भेटावयास आलो होतो. तुम्ही तेव्हा मला एक वाक्य ऐकवले होते, आठवते? आमचा मुलगा म्हणजे काय यांच्या सोयीची वस्तू आहे? हवा तेव्हा घ्यायचा, हवे तेव्हा दार लावायचे? मी त्या वेळी मान हलवली होती. आता माझा कांदा कोणाच्या सोयीची वस्तू आहे, ते तुम्ही सांगा. अर्थशास्त्र तुमचे.”

मजपाशी उत्तर नव्हते. पुढे पुष्कळ सुचले. कांदा महाग झाला म्हणजे हातावर पोट असलेल्याचे हाल होतात, सरकारला त्याकडे डोळेझाक करता येत नाही, वगैरे. हे सारे खरेच आहे. परंतु आमचे हातावर पोट नव्हते. आमच्या घरी डॉलर येत होते. हातावर पोट असणाऱ्याला स्वस्त कांदा द्यावयाचा तर तो सरकारने बाजारभावाने घेऊन आपल्या तिजोरीतून स्वस्त द्यावा. त्याचा सगळा भार निफाडच्या शेतकऱ्याच्या पाठीवर का? आणि त्या सवलतीत मी का? अमेरिकेतील शेतकऱ्याच्या भीतीने माझा आंबा अडला तेव्हा मला अन्याय दिसला. माझ्या पोह्यांच्या बशीसाठी त्याचा कांदा अडला, तेव्हा मला दिसली फक्त स्वस्ताई.

“आणि बंदी उद्या उठेलही,” सहकारी पुढे म्हणाले, “पण गिऱ्हाईक तसे परत येत नाही.” ते खरे होते. आपण २०१९ च्या सप्टेंबरात कांदा अकस्मात बंद केला, तेव्हा बांगलादेशात भाव इतके कडाडले की, तेथील पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन, ‘मी माझ्या आचाऱ्याला कांदा घालू नकोस म्हणून सांगितले आहे’ अशा अर्थाची थट्टा केली. थट्टाच, पण टोचणारी. २०२० मध्ये पुन्हा तेच, २०२३ मध्ये पुन्हा तेच. गिऱ्हाईकाने किती दिवस आपल्या दारात ताटकळावे? ते पाकिस्तानकडे वळते, चीनकडे वळते, स्वतः पिकवू लागते. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तीही कर व किमान मूल्य ठेवून. कर पूर्ण जाण्यास १ एप्रिल २०२५ उजाडले. परंतु विश्वासाला असे फर्मान काढून परत बोलावता येत नाही. लहरी दारवान असला म्हणजे आतला बाहेर पडत नाही आणि बाहेरचा पुन्हा येत नाही, हे माझ्या मुलाच्या बाबतीत जितके खरे, तितकेच कांद्याच्या बाबतीतही. गरीब देशाला जकातीपेक्षाही ही अनिश्चितता अधिक मारते. जकात किती ते ठाऊक असेल तर शेतकरी हिशेब मांडू शकतो; उद्या दार असेल की नाही, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा?

त्या दिवशी मी सहकाऱ्यांना गोणीचे पैसे देऊ लागलो. ते घेईनात. “भेट म्हणून आणली आहे,” म्हणाले. मी म्हटले, “मग पुढच्या वर्षीची विकत घेईन, बंदीपूर्वीच्या भावाने.” ते हसले. गेली दोन वर्षे त्यांची गोणी आमच्याकडे येते आणि त्या भावाने पैसे जातात. याने देशाच्या व्यापारनीतीत यत्किंचितही फरक पडत नाही, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. फरक पडला तो एवढाच की, अलीकडे मी अमेरिकेच्या दरवाजाविषयी बोलताना आवाज चढवीत नाही.

राहता राहिली बाग. चिरंजीवांचे म्हणणे विकून टाकावी. त्याचे चुकते असे नाही. तो येऊन ती करणार नाही, आणि माझे आता वय झाले. परंतु विकण्यापूर्वी मी राखणदाराला विचारले. बारा वर्षे त्याने ती कलमे पोटच्या पोरासारखी जोपासली आहेत. कोणत्या झाडाला कोणत्या वर्षी मोहोर येतो हे त्याला ठाऊक, मला नाही. गेल्या दिवाळीत आम्ही ठरविले की, बाग त्याने अर्धेलीने करावी. चिरंजीवांनी फोनवर ऐकून घेतले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “बरे केलेत, बाबा. निदान कोणी तरी तिथे राहील.”

परवा राखणदाराचा फोन आला. मोहोर बरा आहे. थंडी टिकली तर पेट्या चांगल्या निघतील. आणि जाता जाता त्याने सांगितले की, कतारचा मुलगा पावसाळ्याआधी परत येतो आहे, बापाच्या हाताखाली बागेत काम करतो म्हणतो. सौ.ने ते ऐकले. ती काही बोलली नाही. पण संध्याकाळी पाहतो तो, कपाटातील जुनी सतरंजी व दोन उशा तिने उन्हात घालून झटकून ठेवल्या होत्या, बागेतल्या खोलीवर पाठवावयास.